धावपट्टीवरचा गाडीवान

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसायला लागतो आणि घरातली माणसं माझ्याकडे काळजीने बघतात. पोलीस खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे हसण्यासारख्या आठवणी फार नसतात. ज्या आहेत त्यांत ही सगळ्यात वरची. यातल्या कोणाचंही नाव मी सांगणार नाही. त्यांची नातवंडं आता त्याच भागात जमीनमालक होऊन बसली आहेत आणि आजोबांची फजिती छापून आलेली त्यांना आवडेलच असं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी कल्याण भागात फौजदार होतो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, त्याच्याभोवती थोडी घरं आणि पुढे नजर जाईल तिथवर भातशेती. मानपाडा, शीळ ही नुसती गावं होती. युद्धाच्या काळात सरकारने कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या बाजूला, शेतं ताब्यात घेऊन विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी तेवढी राहिली. जवळच्या गावातले आगरी शेतकरी तिच्यावर वाल वाळत घालत, भात झोडत. शेतं गेली त्याचा राग होताच, पण निदान एवढं मोठं खळं तरी मिळालं, असं ते म्हणत.

या पट्टीवर थंडीच्या दिवसांत महिन्यातल्या एका रविवारी मुंबई-ठाण्याचे आठ-दहा हौशी मोटारवाले जमत. एकेकाने आपली गाडी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट न्यायची, वळवायची आणि परत आणायची. एकजण हातात घड्याळ घेऊन वेळ सांगे. याला शर्यत म्हटलं की त्यांना राग येई. "फौजदारसाहेब, एका वेळी एकच गाडी धावते, मग शर्यत कुणाशी?" असं ते मला समजावत. वरून परवानगी आणलेली असल्यामुळे मी काही बोलू शकत नव्हतो, पण अटी घालणं माझ्या हातात होतं. बघणाऱ्यांसाठी दोरखंड बांधायचा, वळणावर पेंढ्याचे भारे रचायचे, एक डॉक्टर हजर ठेवायचा, लायसन्स नसलेल्याने स्टीअरिंगच्या चाकाला हात लावायचा नाही. रिकामटेकड्या श्रीमंतांचे चाळे म्हणून मला त्या लोकांचा मनापासून राग येत असे. आणि दर खेपेला मीच सगळ्यांच्या आधी दोरखंडापाशी हजर असे, हेही खरं आहे.

माघातल्या त्या रविवारी मात्र मला ठाण्याला टेंभी नाक्यावर एका मोठ्या पाहुण्यांच्या बंदोबस्तासाठी बोलावलं होतं. पट्टीवर एक शिपाई ठेवला होता. कार्यक्रम दोन वाजता संपला म्हणून तो परत आला आणि 'सर्व शांत' अशी नोंद करून मोकळा झाला.

सोमवारी सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात एक तरुण गृहस्थ आले. ठाणे शहरातल्या एका कापड गिरणीत इंजिनिअर. मी त्यांना ओळखत होतो, कारण त्यांची हिरवी मोटार पट्टीवर सगळ्यात जोरात जायची. आज डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि चेहरा उतरला होता. तक्रार अशी की आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ते शीळ रस्त्याने घरी चालले असताना मानपाड्याजवळ एक बैलगाडी अचानक आडवी आली. तिला वाचवायला गेले आणि मोटार चिंचेच्या झाडावर आदळली. गाडीवान पळून गेला. बैलांपैकी एकाचं शिंग मोडकं होतं.

"बाकी काही नको साहेब, फक्त तक्रारीची नक्कल द्या. विमा कंपनीला लागते," ते म्हणाले.

माणूस अपघातातून उठून आला की आधी पाणी मागतो, मग नशिबाला बोल लावतो, मग समोरच्याला शिव्या देतो. हे गृहस्थ गाडीवानाला एक शिवी द्यायला तयार नव्हते. उलट म्हणाले, "त्याला फार त्रास देऊ नका हं, गरीब माणूस आहे." मला ते खटकलं. पण लिहून घेतलं आणि हवालदाराला बरोबर घेऊन पंचनाम्याला निघालो.

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. बोलणं कमी, नजर पक्की. मोटार चिंचेला तोंड लावून उभी होती. पुढचा भाग चेपलेला, दिव्याची काच गेलेली. हवालदार झाडाभोवती दोनदा फिरले, खाली बसले आणि म्हणाले, "सायेब, काच कुठाय?"

काच नव्हती. रस्त्यावर नाही, गवतात नाही. फुटलेल्या रेडिएटरचं पाणी सांडल्याचा ओलावा नाही. झाडाची साल जशीच्या तशी. आणि मोटारीच्या जाळीत भाताचा पेंढा असा गच्च बसला होता की जणू तिला कोणी चारा घातला होता. समोरच एक चहावाला बसत असे. माझ्यासमोर तो काही बोलला नाही, पण हवालदारांनी तिथेच उभं राहून चहा घेतला आणि कपातला चहा संपेपर्यंत खबर बाहेर आली. ही हिरवी मोटार आपल्या पायांनी आलीच नव्हती. दुसऱ्या एका मोटारीने दोराने ओढत आणली आणि चार माणसांनी ढकलून झाडाला टेकवली.

एवढ्यावर प्रकरण संपलंच असतं. परत जायचं, इंजिनिअरसाहेबांना समोर बसवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. पण आम्ही ठाण्यात पोचलो तर बाकड्यावर एक माणूस येऊन बसला होता. पन्नाशीचा, काटक, अंगात बंडी, डोक्याला लाल रुमाल. आम्हाला बघताच उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"साहेब, गुना माजा हाय. काल दुपारी मानपाड्याशी माजी गारी आरवी आली. साहेबाची मोटार झारावर जेली. मना पकरा."

मी त्याला ओळखलं. धावपट्टीजवळच्या गावातला हा गाडीवान. वळणावरचे पेंढ्याचे भारे दर वेळी आदल्या दिवशी हाच आणून टाकायचा आणि त्याच्या एका बैलाचं शिंग मोडकं होतं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी हवालदारांकडे. माझ्या नोकरीत गाडीवानाने गाडी आडवी आली असं म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नव्हतं. मोटारवाला आंधळा असतो, रस्ता अरुंद असतो, बैल नवा असतो, पण गाडीवानाची चूक कधी नसते. आणि हा तर बोलावल्याशिवाय आला होता.

मी त्याला आत घेतलं. चौकशीला बसवलं की माणूस पहिली दहा मिनिटं नाकारतो, हा आमचा रोजचा अनुभव. इथे उलटं होतं. मी नाकारायला वाट करून देत होतो आणि तो ती वाट बंद करत होता.

"मोटार झाडावर गेली तेव्हा तू कुठे होतास?"

"रस्त्याच्या मदी."

"बैल बिथरले?"

"माजे बैल बिथरत नाय," तो एकदम ताठ होऊन म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. "थोरे बिथरले."

"मोटारीची काच फुटली ती कुठे पडली?"

"काचंचा मना नाय सांगितला," तो म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला.

मी दौतीचं झाकण लावलं आणि टाक बाजूला ठेवला. त्याची कबुली मी कागदावर उतरवून घेतलीच नाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात तशीही चालत नाही, पण हा माणूस उद्या मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहूनही हेच म्हणाला असता आणि बेफाम गाडी हाकल्याची शिक्षा घेऊन आला असता. कशासाठी, ते मला समजत नव्हतं.

दुपारी त्याच्या गावातून दोन माणसं आली. एक गावचे पाटील, वयस्क, गंभीर. दुसरी एक ठेंगणी म्हातारी, कासोटा घातलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात भाकरीचं गाठोडं. ती धवलारीण होती. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आगऱ्यांचं लग्न धवलारणीशिवाय लागत नाही. मांडव उभा राहिल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर सगळं चालतं. गाडीवानाच्या मुलीचं लग्न शुक्रवारी होतं. नवरीचा बाप चौकीत बसलाय म्हटल्यावर ती त्याला सोडवायला आली होती.

"काय केलान यानं?" तिने मला विचारलं.

"काही नाही मावशी. काल दुपारी याची बैलगाडी मानपाड्याजवळ मोटारीच्या आडवी आली, असं हा म्हणतो. जामीन होईल, संध्याकाळपर्यंत घरी येईल."

मला वाटलं ती सुटकेचा श्वास टाकेल. तिने गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि गाडीवानासमोर जाऊन उभी राहिली.

"काल? काल गावदेवीचा दिस व्हता. काल तू बैल जुंपलास?"

गाडीवानाचं तोंड उघडं राहिलं. मी आजवर बरेच आरोपी पाहिले, पण सापळ्यात पाय अडकल्याचं एवढं स्वच्छ लिहिलेलं कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. पाटलांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. माघातल्या त्या दिवशी त्यांच्या गावात नांगर नाही, गाडी नाही, शेतातलं काम नाही. बैलाला आंघोळ घालायची, गोड खाऊ घालायचं, त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं होतं. ज्याने मोडलं त्याच्या घरच्या कार्याला वर्षभर गाव जात नाही.

"मी तुज्या पोरीच्या लग्नान धवला नाय बोलनार," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. "आन् माजं सोर. गावातला एक मानूस तुज्या मांडवान पाय नाय ठेवनार. नवरीला हलद कोन लावंल? तू एकला लावशील?"

"नानी, ऐक त खरा," गाडीवान म्हणाला. हात जोडून नुसता उभा राहिला. ती दोघं निघून गेली. गाठोडं टेबलावर राहिलं.

मी जामिनाचा कागद पुढे केला तर गाडीवान म्हणाला, "नको साहेब. मना हितंच र्‍हाऊ द्या. घरी काय तोंड दाखवू?" जामिनाचा गुन्हा, जामीन द्यायला फौजदार तयार, आणि आरोपी बाहेर जायला तयार नाही. ठाण्याच्या डायरीत हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. शेवटी हवालदारांनी त्याला ती भाकरी खायला लावली आणि तो बाकड्यावरच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात आलो तेव्हा तो मागच्या विहिरीवर बंडी काढून आंघोळ करत होता. मी सहज तिकडे पाहिलं आणि थांबलो. त्याच्या छातीवर एका बाजूच्या बरगड्यांपासून दुसऱ्या बाजूच्या बरगड्यांपर्यंत काळानिळा वळ उठला होता. काठीचा वळ सरळ असतो, दोराचा बारीक असतो. हा गोल होता, अर्ध्या ताटाएवढा. मी हवालदारांना हाक मारून दाखवला. ते म्हणाले, "सायेब, ह्यो बैलगाडीत बसला नव्हता." मोटारीचं चाक हातात असल्याशिवाय छातीवर तसा वळ उमटत नाही. काय झालं असेल ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि पहिल्यांदा रागच आला.

इंजिनिअरसाहेबांना बोलावणं पाठवलं. ते येईपर्यंत मी हवालदारांना जप्तीच्या सायकलींपैकी एकीचं चाक काढायला सांगितलं. साहेब आल्यावर त्यांना खुर्ची दिली, गाडीवानाला त्यांच्यासमोर दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि ते चाक त्याच्या हातात दिलं. कोणालाच काही कळेना.

"हे मोटारीचं चाक आहे असं समज," मी गाडीवानाला म्हटलं. "मोटार जोरात चालली आहे. समोर पेंढा आहे. आता थांबव."

तो गांगरला. साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पण माझा आवाज हुकमाचा होता आणि त्याचे हात गाडीवानाचे होते. त्याने दोन्ही पाय माझ्या टेबलाच्या पायाला रेटले, सगळं अंग मागे टाकलं, चाक छातीशी ओढून घेतलं आणि ओरडला, "हो, हो, हो, थांब राजा, हो."

इंजिनिअरसाहेब ओठ चावत होते. मग त्यांच्याने राहवलं नाही. "अहो दादा, मी पाय काढा, पाय काढा म्हणून ओरडत होतो ना," ते म्हणाले.

"पाय कसा कारनार?" गाडीवान त्यांच्यावर उखडला. "पाय रेटल्याबिगर बैल थांबतं?"

"तो पाय पेट्रोलवर होता."

"मंग आदी सांगाचा."

आपण काय बोलून गेलो ते दोघांच्याही लक्षात आलं. आणि मग हवालदार हसले. आमच्या हवालदारांना मी चार वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं बघून मी हसलो, गाडीवान हसला, इंजिनिअरसाहेब हात सांभाळत हसले. दारातला पहारेकरी आत डोकावून गेला.

पुढचं सगळं मग सरळ बाहेर आलं. गाडीवान दोन हिवाळे पेंढ्यापाशी उभा राहून त्या मोटारी बघत होता. एकदा तरी चाक हातात मिळावं अशी त्याची इच्छा होती. रविवारी दोन वाजता सगळं आटोपल्यावर, शिपाई निघून गेल्यावर, दोन-तीन दोस्त तेवढे मागे राहिले असताना, साहेबांनी त्याला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मोटार पट्टीवरून अशी गेली की गाडीवानाच्या शब्दांत सांगायचं तर "माजं काळीज मागंच र्‍हायला." वळण आलं. त्याने गाडी थांबवायचा जो एकच उपाय आयुष्यभर केला होता तो केला.

"मग ही बैलगाडीची गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली?" मी विचारलं.

साहेबांनी खिशातून विम्याचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. शर्यतीत, किंवा वेगाच्या कोणत्याही चाचणीत, किंवा लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात मोटार असताना झालेलं नुकसान कंपनी देणार नाही. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या होत्या.

"शर्यत नाही, शर्यत नाही असं मला सांगत होता ना?" मी म्हटलं. "हा कागद वाचला नव्हता?"

"वाचला होता," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "साहेब, गाडी माझी नाही. सासऱ्यांची आहे. ती पट्टीवर जाते हेच त्यांना माहीत नाही."

हसू आवरून मी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. आता वाटतं जरा जास्तच सुनावल्या, पण तेव्हा मी तापलो होतो. तुम्हाला वाटलं, गरीब माणूस आहे, कोर्टात थोडका दंड होईल, तो आपण भरू, प्रकरण मिटेल. तुम्ही याला विचारलंत का की त्या रविवारी त्याच्या गावात काय होतं? मग गावदेवीचा दिवस, जू, शुक्रवारचं लग्न, सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते गाडीवानाकडे वळले. "दादा, तुम्ही का नाही बोललात?"

"तुमची मोटार मी मोरली," गाडीवान म्हणाला. "वर सबूद पन मोरू? आन् मना वाटला, चौकीतला बोलनं चौकीत र्‍हातं. चौकीतला रविवार सरकारचा, आमचा रविवार गावाचा."

मी विम्याचा कागद साहेबांकडे परत सरकवला.

"अजून एक," मी साहेबांना म्हटलं. "ते पेंढ्याचे भारे तुम्ही जिथे उडवलेत, त्यांच्या मागे बाकीच्या रविवारी कोण बसलेलं असतं?"

ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा पांढरा झाला. कार्यक्रम संपला की त्या सावलीत गावातल्या दहा-बारा बायका वाल निवडायला बसत. देवीचा दिवस म्हणून त्या दिवशी जागा रिकामी होती. "त्यांच्यातल्या कोणाला लागलं असतं, तर हा कागद त्यांना काय देणार होता?" मी विचारलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि मान खाली घातली. मला तो माणूस आवडायला लागला तो त्या क्षणापासून. निगरगट्ट माणूस अशा वेळी कंपनीला दोष देतो.

कायद्याप्रमाणे जे करायचं ते केलं. खोटी खबर दिल्याचा अहवाल मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवला, पुढे तिथे इंजिनिअरसाहेबांनी सगळं कबूल केलं आणि शिक्षा सोसली. विमा कंपनीला मागणी मागे घेतल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिलं. सासऱ्यांना सांगायलाही ते स्वतः गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण हे सगळं झालं म्हणून नवरीचा मांडव भरणार नव्हता. तो निवाडा माझ्या हातातला नव्हता, मॅजिस्ट्रेटसाहेबांच्याही नव्हता.

बुधवारी दुपारी आम्ही गावात गेलो. गावदेवीच्या देवळापुढे सगळं गाव बसलं होतं. पुढे पुरुष, मागे बायका, धवलारीण अगदी कडेला, तोंड फिरवून. इंजिनिअरसाहेबांनी हात जोडून आपली चूक सांगितली. बैल जुंपले नव्हते, बैलगाडीची गोष्ट मी रचली, असं ते स्पष्ट म्हणाले. मीही दोन शब्द बोललो. लोकांनी ऐकून घेतलं, पण कोणी मान हलवली नाही. गिरणीतला साहेब आणि वर्दीतला फौजदार एकाच बाजूने बोलतायत, म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं माझ्याही मनात आलं असतं.

पाटील गाडीवानाकडे वळले. "तू सांग. देवीच्या दिसाला जू ठेवलंस का?"

"नाय."

"मंग चौकीत हो का बोललास? गारी नव्हती त तू कुठं व्हतास?"

गाडीवान उठला, पण बोलेना. माझ्या लक्षात आलं की त्याला शिक्षेचं भय नव्हतं, खोटेपणाचंही नव्हतं. त्या गावात बैल हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उधळलेले बैल थांबवायला लोक त्याला बोलावून नेत. आपल्याला एक यंत्र थांबवता आलं नाही, हे त्याला सगळ्या गावासमोर, व्याही मंडळींच्या माणसांसमोर सांगायचं होतं. त्यापेक्षा बेफाम गाडीवान म्हणून तुरुंगात जाणं त्याला सोपं वाटलं असावं.

मागे बायकांमध्ये त्याची मुलगी बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी मोटार हाकलत व्हतू," तो म्हणाला. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगितलं. कसा बसला, कशी निघाली, चाक कसं मागे खेचलं, 'हो राजा' कसं म्हटलं, पाय कसा रेटला आणि जेवढा रेटला तेवढी ती कशी जास्तच पळाली. सांगता सांगता तो रंगात आला, जमिनीवर बसून, पाय ताणून करून दाखवायला लागला. शेवटी बंडी वर करून छातीवरचा वळ दाखवला.

पहिल्यांदा धवलारीण हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग बायका, मग पुरुष, मग पाटीलसुद्धा. हसता हसता म्हातारी उठली, त्याच्याजवळ गेली, वळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बैलाला जू नाय लावला, सोताला लावून आला मेला." गावाने निकाल दिला होता.

मोटारवाल्यांच्या अटी त्यानंतर मी बदलल्या, आणि यावेळी इंजिनिअरसाहेब स्वतःच माझ्या बाजूने भांडले. ज्या दिवशी गाड्या धावतील त्या दिवसापुरता, बघणाऱ्यांसकट सगळ्यांचा वेगळा विमा उतरवल्याशिवाय परवानगी नाही. दोरखंड सोडेपर्यंत शिपाई हलणार नाही. पेंढ्याच्या मागे पन्नास पावलांत कोणी बसणार नाही. आणि तारीख ठरवण्याआधी गावच्या पाटलांना विचारायचं. ही शेवटची अट कोणत्याही नियमात बसत नव्हती, पण पुढच्या काही वर्षांत तिथे कोणाला ओरखडाही आला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. पोलिसाचं काम म्हणजे माणसाच्या तोंडून 'हो' काढणं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. त्यानंतर कोणी माझ्यासमोर पटकन गुन्हा कबूल केला की मी आधी त्याला खायला घालत असे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून विचारत असे. दोनदा तरी त्यामुळे निर्दोष माणूस वाचला. कबुली देणारा माणूस कोणाला तरी वाचवत असतो, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं.

त्या शुक्रवारी मी लग्नाला गेलो. हवालदार होते, इंजिनिअरसाहेब गळ्यात हात बांधून होते, आणि त्यांच्या शेजारी एक कडक चेहऱ्याचे वयस्क गृहस्थ बसले होते, ते त्यांचे सासरे हे मला नंतर कळलं. मांडवाच्या तोंडाशी गाडीवान उभा होता. कोरी टोपी, कोरी बंडी. येणाऱ्या प्रत्येक घराला तो वाकून नमस्कार करत होता आणि दर वेळी रस्त्याकडे मान वळवून पुढचं कोण येतंय ते बघत होता. आत म्हातारी बसली होती, पण तिने अजून गायला सुरुवात केली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. शेवटी पाटील आले, त्यांच्या मागे त्यांच्या घरची सगळी माणसं आली, आणि रस्ता रिकामा झाला. गाडीवान माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "समदी आली." त्याने डोळे पुसले, आत वळून मान हलवली, आणि म्हातारीने पहिला धवला सुरू केला.